अलेक्झांड्रियाची संत कॅथरिन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोव्हेंबर उजाडला की आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात संत कॅथरिनचा विषय निघतो. मुलं गोष्ट मन लावून ऐकतात. प्रश्न विचारतात ते त्यांना घरी न्यायला आलेले आईवडील. "ही खरंच होऊन गेली का हो?" "चर्चनेच तिला यादीतून काढलं होतं ना?" गोव्याची सहल करून आलेल्यांचे प्रश्न आणखी वेगळे. दरवर्षी दारात उभ्याउभ्या अर्धवट उत्तरं द्यावी लागतात आणि त्याने कुणाचंच समाधान होत नाही. म्हणून हे सगळं एकदा बैठक मारून लिहून काढलं आहे.

संत कॅथरिन म्हणजे नेमकी कोण?

इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरातली एक तरुण, शिकलेली ख्रिस्ती मुलगी. परंपरा सांगते की चौथ्या शतकाच्या सुरुवातीला, इ.स. ३०५ च्या आसपास, ख्रिस्तावरचा विश्वास सोडायला नकार दिला म्हणून तिचा शिरच्छेद झाला. कॅथलिक आणि ग्रीक ऑर्थोडॉक्स तिचा दिवस २५ नोव्हेंबरला पाळतात. रशियन ऑर्थोडॉक्स लोकांचा २४ नोव्हेंबर असतो, पण त्यांच्या जुन्या पंचांगाप्रमाणे, म्हणजे आपल्या कॅलेंडरात तो ७ डिसेंबरला येतो. पूर्वेकडची चर्च तिला 'महारक्तसाक्षी' म्हणते. रक्तसाक्षी म्हणजे विश्वासासाठी जीव दिलेली व्यक्ती.

तिची गोष्ट सांगाल का?

मध्ययुगात लोक जशी ऐकत होते तशीच सांगते. खरंखोटं पुढे पाहू.

कॅथरिन अठरा वर्षांची, राजघराण्यातली. वडिलांचं नाव कॉस्टस. घरात पैसा, नोकरचाकर आणि पुस्तकं. त्या काळातल्या सगळ्या विद्या ती शिकलेली होती. एके दिवशी महालात बसलेली असताना बाहेरून जनावरांचं हंबरणं आणि वाद्यांचा गलबला ऐकू आला. चौकशी केली तर कळलं की सम्राट शहरात आला आहे आणि प्रत्येकाने देवळात जाऊन बळी द्यावा असं त्याचं फर्मान आहे. ख्रिस्ती लोकसुद्धा जिवाच्या भीतीने रांगेत उभे होते. कॅथरिन उठली, थेट देवळात गेली आणि सम्राटाच्या समोर उभी राहून त्याला विचारू लागली की हे तू कशासाठी करतो आहेस.

सम्राटाला उत्तर देता येईना. त्याने साम्राज्यातून पन्नास पंडित बोलावून घेतले. ते आले, आणि कारण कळल्यावर त्यांच्यातला एक जण चिडला. एका पोरीसाठी एवढ्या लांबून आम्हाला आणलंत? आमच्या एखाद्या शिष्यानेही तिला गप्प केलं असतं! मग वाद सुरू झाला. त्यांच्याच तत्त्वज्ञांची, त्यांच्याच कवींची वचनं घेऊन ती बोलत गेली आणि पन्नासच्या पन्नास निरुत्तर झाले. नुसते हरले नाहीत, त्यांनी ख्रिस्ताला मानलं. सम्राटाने त्यांना जिवंत जाळलं.

नंतर तिला आमिष दाखवलं: राणीच्या खालोखाल मान देतो. ती नाही म्हणाली. मग फटके, अंधारकोठडी, बारा दिवस उपास. कबुतर येऊन तिला भरवत होतं अशी कथा आहे. एका रात्री खुद्द राणी, पोर्फिरियस नावाच्या सेनाधिकाऱ्याला बरोबर घेऊन, कोठडीत तिला भेटायला आली. पहाटेपर्यंत दोघांनीही विश्वास पत्करला होता, आणि पोर्फिरियसच्या मागोमाग त्याचे दोनशे शिपाई.

मग ती चाकं. चार चाकं, त्यांना लोखंडी करवती आणि टोकदार खिळे, दोन एका दिशेने फिरणारी आणि दोन उलट्या. कॅथरिनने प्रार्थना केली आणि देवदूताने ते यंत्रच फोडून टाकलं. राणी मारली गेली, पोर्फिरियस आणि त्याचे शिपाई मारले गेले, आणि शेवटी तलवारीने कॅथरिनचं शिर उडवलं. मानेतून रक्ताऐवजी दूध आलं म्हणतात. देवदूतांनी देह उचलला आणि दूर सिनाईच्या डोंगरावर नेऊन ठेवला.

मुलांना चाक आवडतं. मला ती वादाची जागा आवडते. बहुतेक रक्तसाक्ष्यांच्या कथांमध्ये छळाचं वर्णन पानंच्या पानं चालतं आणि बोलणं दोन ओळींत उरकतं. इथे अर्धी गोष्ट एका मुलीच्या बोलण्याने व्यापली आहे.

'कुमारी रक्तसाक्षी' म्हणजे काय? लग्न न करण्याला इतकं महत्त्व का?

आजच्या डोळ्यांनी पाहिलं तर हे खटकतं आणि खटकणं साहजिक आहे. पण त्या काळातल्या घरात डोकावून पाहा. रोमन कायद्यात मुलगी बापाच्या ताब्यात असे. बारातेराव्या वर्षी लग्न ठरे, कुणाशी ते बाप ठरवी, आणि त्यामागे जमीन, हुंडा, राजकारण असे. अशा घरातली मुलगी "मी लग्न करणार नाही, मी ख्रिस्ताची आहे" म्हणाली की तिने बापाचा, घराण्याचा आणि अप्रत्यक्षपणे राज्याचा शब्द मोडलेला असे. कौमार्य म्हणजे माझ्या देहाचा आणि माझ्या आयुष्याचा निर्णय मी देवासमोर घेईन, दुसरं कुणी नाही, असा त्याचा अर्थ होता. म्हणून तर या कथांमध्ये खलनायक बहुधा नाकारलेला वर, चिडलेला बाप किंवा अधिकारी असतो. मिस्सामधल्या (चर्चमधल्या मुख्य उपासनेतल्या) जुन्या रोमन प्रार्थनेत अगाथा, लुसी, अ‍ॅग्नेस, सिसिलिया यांची नावं आजही घेतली जातात. त्या सगळ्या याच पंक्तीतल्या.

कॅथरिनचं नाव मात्र त्या प्रार्थनेत नाही. का नाही, हे पुढच्या उत्तरात येईलच.

ती खरंच होऊन गेली का?

सरळ सांगायचं तर पुरावा नाही.

ज्या काळात ती मारली गेली असं म्हणतात त्या काळातलं तिचं नाव असलेलं एकही लिखाण सापडत नाही. पुढची तीनचारशे वर्षंही सापडत नाही. अ‍ॅग्नेसचं तसं नाही. तिचं नाव इ.स. ३५४ च्या रक्तसाक्ष्यांच्या रोमन यादीत आहे, तिची कबर कुठे ते सगळ्यांना ठाऊक होतं. कॅथरिनची कथा लेखी स्वरूपात येते ती कितीतरी नंतर, आणि दहाव्या शतकात सिमिऑन मेटाफ्रास्तीस याने संतचरित्रांच्या ग्रीक संग्रहात ती घातल्यावर सगळीकडे पसरते.

कथेत चुकाही आहेत. सम्राटाचं नाव मॅक्सेन्शियस दिलं आहे. तो ३०६ ते ३१२ रोममध्ये राज्य करत होता, इजिप्तवर त्याची सत्ता कधीच नव्हती. इजिप्त होतं मॅक्सिमिनस दाया याच्याकडे. नावं जवळची, त्यामुळे सांगता सांगता घोटाळा झाला असावा.

पण इथेच एक धागा हाती लागतो. त्या काळाचा साक्षीदार असलेला युसेबियस नावाचा बिशप चर्चचा इतिहास लिहिताना अलेक्झांड्रियातल्या एका स्त्रीविषयी चार ओळी लिहितो. ती ख्रिस्ती होती, मोठ्या घरातली होती, श्रीमंत होती आणि विद्येसाठी नावाजलेली होती. मॅक्सिमिनसची वाईट नजर तिच्यावर पडली. त्याने पुन्हा पुन्हा प्रयत्न केले. ती मरायला तयार झाली, पण वश झाली नाही. शेवटी त्याने तिची सगळी मालमत्ता जप्त केली आणि तिला हद्दपार केलं. युसेबियसने तिचं नाव दिलेलं नाही. पुढे त्याचा ग्रंथ लॅटिनमध्ये आणणाऱ्या रुफिनसने तिला डोरोथिया म्हटलं.

ही कॅथरिन का? तसं म्हणता येत नाही. तिचा शिरच्छेद झाला नाही, पंडितांशी वाद झाला नाही. पण शहर तेच, राज्यकर्ता तोच, घराणं, विद्या, नकार, सगळं तेच. २५ नोव्हेंबरच्या मिस्साला बसले की माझ्या डोळ्यांपुढे ती बिननावाची बाई येते. घरदार हिसकावून घेतलेली, शहराच्या वेशीबाहेर काढलेली, आणि तरीही न झुकलेली. तिच्यासाठी देवदूत आले नाहीत, यंत्र फुटलं नाही. आणि तिच्याबद्दलच्या त्या चार ओळी मात्र इतिहास आहेत.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. त्या शहरातला छळ काही काल्पनिक नव्हता. ३०३ मध्ये सम्राट डायोक्लीशनने फर्मानं काढली आणि इजिप्तमध्ये इतकी माणसं मारली गेली की तिथली कॉप्टिक चर्च आजही आपली कालगणना 'रक्तसाक्ष्यांचं युग' म्हणून डायोक्लीशनच्या राज्यारोहणापासून, इ.स. २८४ पासून मोजते.

हायपेशियाचीच गोष्ट उलटी करून कॅथरिन बनवली, असं वाचलं. खरं का?

हायपेशिया ही अलेक्झांड्रियातली गणिती आणि तत्त्वज्ञ, ख्रिस्ती नव्हती. इ.स. ४१५ मध्ये ख्रिस्ती जमावाने तिला रथातून खाली खेचून ठार मारलं. शहर तेच, विदुषी, अविवाहित, अमानुष मृत्यू. साम्य इतकं आहे की अनेक अभ्यासकांना वाटतं, तिच्या आठवणीचे तुकडे पुढे एका ख्रिस्ती कुमारीच्या कथेत मिसळले असावेत. हा तर्क आहे. सिद्ध झालेला नाही आणि होईल असंही नाही.

पण हा प्रश्न कुणी विचारला की मी टाळत नाही. हायपेशियाला मारणारे आमचेच लोक होते. कॅथरिनचा सण पाळणाऱ्याला हायपेशियाचं नावही माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं, आणि वर्गातल्या मोठ्या मुलांना मी दोघींची गोष्ट एकाच दिवशी सांगते.

चर्चने तिला संतांच्या यादीतून काढलं होतं ना?

संतपदावरून काढलं नव्हतं. १९६९ मध्ये पोप सहावे पॉल यांनी सार्वत्रिक उपासना पंचांग, म्हणजे जगभरच्या कॅथलिकांची सणांची यादी, सुधारलं, तेव्हा तिचा दिवस त्या पंचांगातून वगळला. कारण लेखी दिलं होतं: कथा दंतकथेच्या स्वरूपाची आहेच, शिवाय कॅथरिन या व्यक्तीबद्दलही खात्रीने काही सांगता येत नाही. ज्या चर्चची ती आश्रयदाती, म्हणजे पाठराखीण संत, आहे तिथे सण चालूच राहिला.

पुष्कळांना तेव्हा वाईट वाटलं. मला तो निर्णय प्रामाणिक वाटतो.

मग ती परत कशी आली?

२००२ च्या नव्या मिस्सा ग्रंथात तिचा दिवस ऐच्छिक स्मरण म्हणून पुन्हा घातला गेला. पोप होते दुसरे जॉन पॉल. त्याच्या दोन वर्षं आधी, २६ फेब्रुवारी २००० रोजी, ते स्वतः सिनाईच्या मठात जाऊन आले होते. पूर्वेकडच्या चर्चमध्ये कॅथरिनचं स्थान फार वरचं आहे, आणि दोन्हीकडच्यांना एकत्र आणणाऱ्या ज्या थोड्या गोष्टी उरल्या आहेत त्यांतली ती एक. ऐच्छिक म्हणजे काय, तर फादरनी त्या दिवशी तिची मिस्सा केलीच पाहिजे असं बंधन नाही.

सिनाईच्या मठाशी तिचा संबंध कसा आला?

हा मठ तिच्या नावाने जगभर ओळखला जातो, पण तो तिच्यासाठी बांधलेला नव्हता. मोशेला जळतं झुडूप दिसलं ती जागा ही, अशी श्रद्धा होती. चौथ्या शतकातच तिथे संन्यासी राहत होते. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने त्या जागेभोवती भक्कम तट बांधून चर्च उभारलं. ३८० च्या सुमारास एजेरिया नावाची एक यात्रेकरू बाई तिथवर जाऊन आली. तिने झुडूप, डोंगर, संन्याशांच्या खोल्या, सगळं बारकाईने लिहून ठेवलं. कॅथरिनचा उल्लेख नाही.

पुढे कधीतरी, जवळच्या शिखरावर संन्याशांना तिचा देह सापडला अशी कथा रूढ झाली. ते शिखर म्हणजे जबल कॅथरिना, उंची २६०० मीटरहून जास्त, इजिप्तमधलं सर्वांत उंच. तिथून अवशेष खाली मठात आणले. हाडांमधून सुगंधी तेल पाझरतं असं म्हणत, आणि त्या तेलाचा थेंब मिळावा म्हणून मध्ययुगात लोक युरोपातून वाळवंट तुडवत तिथे जात. हळूहळू मठाला तिचंच नाव चिकटलं.

आज तिच्या डोक्याचे आणि डाव्या हाताचे म्हणून मानले जाणारे अवशेष मुख्य वेदीजवळच्या संगमरवरी पेटीत आहेत. दर्शन घेणाऱ्यांना संन्यासी एक साधी चांदीची अंगठी देतात. तिच्यावर ग्रीक अक्षरांत 'आगिया एकातेरिना', म्हणजे संत कॅथरिन, असं कोरलेलं असतं. बाळ येशूने स्वप्नात तिच्या बोटात अंगठी घातली या कथेची ती खूण.

मठाच्या तटाच्या आत एक मशीदही आहे, आणि पिढ्यान् पिढ्या या मठाची राखण करत आले आहेत ते जबालिया टोळीचे मुस्लिम बदू. तिथलं ग्रंथालय जगातल्या सर्वांत जुन्या चालू ग्रंथालयांपैकी आहे. बायबलची चौथ्या शतकातली प्रसिद्ध हस्तलिखित प्रत तिथेच होती. तिची बहुतेक पानं आता लंडनला आहेत. पंडितांना हरवणाऱ्या मुलीच्या नावाच्या जागी हजारो हस्तलिखितं जपली गेली, याचा मला फार आनंद वाटतो.

युरोपात तिचा एवढा बोलबाला कसा झाला?

अवशेषांमुळे. अकराव्या शतकात सिनाईहून आलेल्या एका संन्याशाने फ्रान्समधल्या रूआँ शहरात तिचे काही अवशेष आणले, असं सांगतात. तिथून तिची भक्ती नॉर्मन लोकांबरोबर इंग्लंडात गेली.

इंग्लंडमधला एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. ११०० च्या थोडं पुढे, डन्स्टेबल गावात जेफ्री नावाचा एक फ्रेंच शाळामास्तर होता. त्याने संत कॅथरिनचं नाटक बसवलं. पात्रांच्या कपड्यांसाठी सेंट ऑल्बन्सच्या मठातून गायनाच्या वेळी अंगावर घ्यायचे भरजरी झगे उसने आणले. आणि त्याच्या घराला आग लागली. त्याची पुस्तकं गेली आणि मठाचे झगेही गेले. भरपाई करायला जवळ काही नव्हतं, म्हणून त्याने स्वतःलाच देऊन टाकलं: तो त्या मठात संन्यासी झाला. पुढे १११९ मध्ये तिथला मठाधिपती झाला, आणि मठासाठी उत्तम झगे करवून घेण्याची त्याने विशेष काळजी घेतली. इंग्लंडमधल्या नाटकाच्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ही एक आहे.

नंतरच्या शतकांत फ्रान्ससाठी लढलेल्या जोन ऑफ आर्कचं नाव घ्यावं लागेल. १४३१ च्या खटल्यात तिने सांगितलं की मला संत कॅथरिन आणि संत मार्गारेट यांचे आवाज ऐकू येतात. तिची तलवारसुद्धा फिएर्बुआ गावच्या संत कॅथरिनच्या चर्चमधून आणलेली होती. विचार करा, एकोणीस वर्षांची शेतकऱ्याची पोर, समोर विद्वान धर्मपंडितांची रांग, आणि तिच्या मनात पन्नास पंडितांपुढे उभी राहिलेली कॅथरिन.

ती कुणाची आश्रयदाती?

विद्यार्थी, तत्त्वज्ञ, ग्रंथपाल, अविवाहित मुली. शिवाय चाकाशी ज्यांचा संबंध ते सगळे: गाड्यांची चाकं करणारे, सूत कातणारे, गिरणीवाले, सुऱ्यांना धार लावणारे. फ्रान्समध्ये पंचवीस वर्षांच्या अविवाहित मुली या दिवशी हिरव्या-पिवळ्या टोप्या घालत. केंब्रिजमधलं सेंट कॅथरिन्स कॉलेज १४७३ पासून तिच्या नावाने आहे. परीक्षेआधी तिची प्रार्थना करावी का, असं मुलं विचारतात. करावी, अभ्यास करून.

फटाक्याला तिचं नाव आहे म्हणे?

आहे. खांबाला ठोकून पेटवतात ते गरगर फिरणारं चक्र इंग्रजीत 'कॅथरिन व्हील' म्हणून ओळखलं जातं. आपल्या भुईचक्राचं चुलत भावंड. छळाच्या यंत्राचं नाव मुलांच्या फटाक्याला मिळालं आहे.

सिएनाची संत कॅथरिन हीच का?

नाही. ती इटलीतली, १३४७ ते १३८०, तिचा दिवस २९ एप्रिल. मध्ये हजार वर्षांचं अंतर आहे.

जुन्या गोव्याचं सर्वांत मोठं चर्च तिच्या नावाने का?

कारण एक तारीख. १५१० च्या सुरुवातीला आफोंसो द अल्बुकर्कने विजापूरच्या आदिलशाहीकडून गोवा शहर घेतलं, पण थोड्याच महिन्यांत आदिलशाही फौजेने त्याला बाहेर काढलं. तो पुन्हा चालून आला आणि २५ नोव्हेंबर १५१० रोजी, संत कॅथरिनच्या दिवशी, त्याने शहर जिंकलं. विजय तिच्या कृपेने मिळाला असं मानून तटाच्या दरवाजापाशी तिच्या नावाचं छोटं कपेल (प्रार्थनामंदिर) बांधलं. १५३४ मध्ये गोव्याला स्वतंत्र धर्मप्रांत मिळाला तेव्हा त्या कपेललाच कॅथेड्रलचा, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चचा, दर्जा दिला गेला. आजचं भव्य से कॅथेड्रल बांधायला १५६२ मध्ये सुरुवात झाली, १६१९ मध्ये इमारत पुरी झाली आणि १६४० मध्ये तिचं विधिपूर्वक समर्पण झालं. कॅथरिनचं चाक पुढे पोर्तुगीज इंडियाच्या राजचिन्हातही आलं.

त्या दिवशी कत्तल झाली होती. मग हा सण पाळायचा कसा?

हा प्रश्न मला एका बाईंनी विचारला होता आणि त्या दिवशी मला बोलता आलं नव्हतं. आता सांगते.

कत्तल झाली होती, यात शंका नाही. खुद्द अल्बुकर्कनेच डिसेंबर १५१० मध्ये पोर्तुगालच्या राजाला लिहिलेल्या पत्रात ती सांगितली आहे. चार दिवस शहरातल्या मुसलमानांना वेचून मारलं, माणसं मशिदींमध्ये कोंडून आग लावली, मेलेल्यांचा आकडा सहा हजार. हे त्याने कबुली म्हणून लिहिलेलं नाही, पराक्रम म्हणून लिहिलं आहे.

कॅथरिनची गोष्ट कशाबद्दल आहे? सत्ता हातात असलेला एक माणूस म्हणतो, माझ्या देवाला मान नाहीतर मर. एक मुलगी म्हणते, नाही. ज्या मुलीने तलवारीच्या जोरावर लादलेला धर्म नाकारला, तिच्या नावावर तलवारीने जिंकलेलं शहर लिहिलं गेलं. मी २५ नोव्हेंबरला तिचा सण मनापासून पाळते, विजयाचा दिवस पाळत नाही. त्या दिवशीच्या प्रार्थनेत त्या चार दिवसांत मेलेल्यांसाठी एक विनंती मी घरी न चुकता म्हणते. माझ्या मुलांनाही ती पाठ आहे.

जुन्या गोव्यात तिच्या खुणा कुठे पाहायच्या?

बहुतेक बस बॉम जेझूस चर्चपाशी थांबतात, लोक संत फ्रान्सिस झेवियरचं दर्शन घेतात, आणि रस्त्यापलीकडच्या से कॅथेड्रलमध्ये पाच मिनिटं डोकावून निघतात. तसं करू नका. समोरून पाहिलंत तर एकच बुरूज दिसेल. दुसरा १७७६ मध्ये कोसळला. उरलेल्या बुरुजात गोव्याची सर्वांत मोठी घंटा आहे, तिला 'सोन्याची घंटा' म्हणतात. आत सरळ मुख्य वेदीपर्यंत चालत जा. तिथे भिंतभर उंच, सोन्याचा मुलामा दिलेलं लाकडी कोरीवकाम आहे, आणि त्यातल्या मोठ्या फलकांवर कॅथरिनच्या आयुष्यातले आणि मरणाचे प्रसंग कोरले आहेत. एक-एक फलक ओळखत वर जा. मुलं बरोबर असतील तर त्यांनाच ओळखायला सांगा, ती आपल्यापेक्षा पटकन ओळखतात.

मग बाहेर पडून संत फ्रान्सिस असिसीच्या चर्चच्या पश्चिमेला चाला. तिथे जांभ्या दगडाचं छोटं, शांत कपेल आहे. हेच ते पहिलं, पुढे १५५० मध्ये गव्हर्नर जॉर्ज काब्रालने नव्याने बांधलेलं. भिंतीतल्या दगडावर पोर्तुगीजमध्ये लिहिलं आहे की अल्बुकर्क ज्या दरवाजातून शहरात शिरला तो इथे होता. फार कमी लोक इथवर येतात.

मुंबईशी तिचा काही संबंध आहे का?

थेट नाही. पण १६६१ च्या विवाहकरारात ज्या पोर्तुगीज राजकन्येबरोबर मुंबईची बेटं इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला आंदण मिळाली, ती कॅथरिन ऑफ ब्रगांझा २५ नोव्हेंबर १६३८ ला, याच संतेच्या दिवशी जन्मली होती.

मुलीचं नाव कॅथरिन ठेवायचं आहे. अर्थ काय?

ग्रीक रूप एकातेरिना. मूळ अर्थाबद्दल एकमत नाही, पण ग्रीकमधल्या 'शुद्ध' या अर्थाच्या 'कथारोस' शब्दाशी फार पूर्वीपासून त्याची सांगड घातली जाते. नाव छान आहे, ठेवा.

चित्रात तिला ओळखायचं कसं?

मोडकं, खिळ्यांचं चाक दिसलं की ती कॅथरिन. सोबत मुकुट, तलवार, पुस्तक, खजुरीची फांदी, कधी बोटात अंगठी, कधी पायाखाली दाढीवाला सम्राट. राफाएलने काढलेली कॅथरिन चाकावर रेलून आकाशाकडे पाहते. काराव्हाज्जोची थेट आपल्याकडे पाहते आणि तिच्या हातात तलवार आहे.

पण मला सगळ्यांत जास्त हलवून सोडतं ते आर्तेमिझिया जेंतिलेस्कीचं चित्र, साधारण १६१५ ते १६१७ मधलं, आता लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. आर्तेमिझियावर तरुणपणी बलात्कार झाला. १६१२ च्या खटल्यात ती खरं बोलते की नाही हे पाहायला तिच्याच बोटांना दोऱ्या आवळून तिचा छळ करण्यात आला. चित्रकर्तीची बोटं! दोऱ्या आवळल्या जात असताना ती म्हणत राहिली की हे खरं आहे. काही वर्षांनी तिने कॅथरिन रंगवली आणि तिला स्वतःचा चेहरा दिला. डाव्या हाताची बोटं मोडक्या चाकावर, खिळ्याच्या अगदी शेजारी, निवांत टेकलेली आहेत.

२५ नोव्हेंबरच्या मिस्सात काय वेगळं असतं?

तिच्या स्मरणाची मिस्सा असेल तर फादरच्या अंगावर लाल वस्त्र असतं, कारण ती रक्तसाक्षी. आणि सुरुवातीची प्रार्थना तिची असते. १९६९ पूर्वीच्या जुन्या लॅटिन प्रार्थनेत म्हटलं होतं की देवा, तू सिनाईच्या माथ्यावर मोशेला नियमशास्त्र दिलंस आणि त्याच जागी देवदूतांकरवी कॅथरिनचा देह ठेवलास. २००२ नंतरच्या प्रार्थनेत डोंगर नाही, देवदूत नाहीत. तीत तिला अजिंक्य रक्तसाक्षी म्हटलं आहे, आणि मागणं एवढंच आहे की आम्हाला विश्वासात आणि चिकाटीत बळ मिळो, आणि चर्चच्या ऐक्यासाठी हातचं काही राखून न ठेवता झिजता येवो. घरी म्हणायची असेल तर हीच म्हणा, छोटी आहे, दोन दिवसांत पाठ होते.